मुंबईच्याच अक्षांशावरचा थंड पाण्याचा जीव: पहिला ॲक्सोलॉटल पाळताना

मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला सोचिमिल्को नावाचा जुन्या कालव्यांचा भाग आहे. नकाशावर बोट आडवं फिरवत आणलंत तर ते मुंबईवर येऊन थांबतं, कारण दोन्ही ठिकाणं साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. फरक आहे तो उंचीचा. सोचिमिल्को समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटरवर आहे आणि आपलं कळसूबाई १,६४६ मीटरवर. कळसूबाईच्या माथ्यावरून आणखी सहाशे मीटर वर चढलो तर तिथे जसं गार पाणी मिळेल, तसल्या पाण्यात ॲक्सोलॉटल घडला. आपण त्याला पुण्या-मुंबईच्या, नागपूरच्या, नाशिकच्या फ्लॅटमध्ये आणतो. त्याला पाळताना येणाऱ्या बहुतेक अडचणींचं मूळ या उंचीच्या फरकात आहे, म्हणून सुरुवात तिथून केली.

ॲक्सोलॉटल हा सॅलॅमँडर आहे, म्हणजे बेडकाच्या नात्यातला, पण शेपटी असलेला उभयचर. दुकानांत तो 'वॉकिंग फिश' म्हणूनही विकला जातो. मासा मात्र तो नव्हे. बरेचसे सॅलॅमँडर लहानपणी पाण्यात असतात आणि मोठे झाले की कल्ले गळून जमिनीवर येतात. हा मात्र जन्मभर बाल्यावस्थेतच राहतो. डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे तीन-तीन कल्ले, तशीच पोहायची शेपटी, आणि त्याच रूपात तो वयात येतो, अंडीही देतो. पूर्ण वाढ झाल्यावर लांबी २० ते ३० सेंटिमीटर होते. नीट सांभाळला तर १० ते १५ वर्षं जगतो. पाचवीतल्या मुलाच्या हट्टासाठी आणलात तर मुलगा कॉलेज संपवून नोकरीला लागला तरी हा घरात असेल.

हट्ट म्हणते, कारण माझ्याकडे विचारणा करणाऱ्या आईबाबांपैकी निम्म्यांच्या घरात सुरुवात माइनक्राफ्टमधून झालेली असते. २०२१ मध्ये त्या खेळात ॲक्सोलॉटल आला आणि मुलांना तो तोंडपाठ झाला. हट्ट चांगलाच आहे, मुलं त्या निमित्ताने पुष्कळ शिकतात. पण प्राणी आजच्या आज आणू नका. माझं सांगणं एकच आहे: आधी पाणी पाळायला शिका, मग प्राणी आणा. रिकाम्या टँकमधलं पाणी भर उन्हाळ्यात तुम्हाला १८ अंशांवर ठेवता आलं, तर पुढचं सगळं जमतं.

माझ्या मते चांगलं वेळापत्रक असं. होळीच्या सुमारास टँक लावा आणि त्यात घाण पचवणारे जिवाणू तयार करा (कसे ते पुढे येईल). एप्रिल-मेमध्ये गारवा टिकतो का ते पाहा. पावसाळ्यात दमटपणाचा त्रास बघून घ्या. दिवाळीनंतर, नोव्हेंबर-डिसेंबरात, प्राणी आणा. आठ महिने फार वाटत असतील तर निदान उन्हाळ्यातले पंधरा दिवस तरी रिकामा टँक चालवून बघाच.

आधी कागद

मूळ ठिकाणी हा प्राणी अतिसंकटग्रस्त आहे. दुकानांत मिळणारे ॲक्सोलॉटल बंदिस्त पैदाशीचे असतात. १८६०च्या दशकात मेक्सिकोहून ३४ जिवंत ॲक्सोलॉटल पॅरिसला आले, ओग्युस्त द्युमेरिल या प्राणिशास्त्रज्ञाने त्यांतल्या काहींची पैदास केली, आणि जगभरच्या प्रयोगशाळांतल्या व घरांतल्या ॲक्सोलॉटलचा मोठा वंश तिथूनच पसरला. बंदिस्त पैदास असली तरी ही जात सायटीस कराराच्या, म्हणजे संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, परिशिष्ट २ मध्ये आहे, आणि त्यामुळे २०२२च्या दुरुस्तीनंतर आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या अनुसूचीच्या कक्षेत येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये यासाठीचे नोंदणीचे नियम निघाले. प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत 'परिवेश' या सरकारी पोर्टलवर नोंद करायची असते. तो दुसऱ्याला दिला, त्याला पिल्लं झाली किंवा तो मेला, तरी कळवावं लागतं. विकणाऱ्याकडून पावती आणि त्याच्याकडच्या नोंदीची प्रत मागून घ्या. "कागद कशाला, सगळे असेच नेतात" असं उत्तर मिळालं तर तिथून घेऊ नका.

भारतात रानातले सॅलॅमँडरही आहेत, दार्जिलिंगकडे आणि ईशान्येच्या डोंगरांत. ते संरक्षित आहेत. कुणी देऊ केला तरी हात लावायचा नाही. सह्याद्रीत सॅलॅमँडर नाहीत. आपल्याकडे त्यांचे दूरचे नातेवाईक आहेत ते बिनपायांचे देवगांडूळ, आणि त्यांची जागा पावसाळ्यातल्या ओल्या मातीतच आहे.

टँक केवढा आणि कुठे

हा प्राणी तळाशी चालतो, म्हणून उंचीपेक्षा तळाची लांबी-रुंदी महत्त्वाची. एकट्या प्राण्यासाठी तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच टँक घ्या. त्यात काठोकाठ १३० लिटर पाणी मावतं. दुकानदार 'दोन बाय एक बाय एक' दाखवेल, पण त्यात जेमतेम ५५ लिटर पाणी असतं. एवढ्या पाण्यात मोठ्या ॲक्सोलॉटलची घाण दोन दिवसांत अंगावर येते.

भरलेल्या टँकचं वजन दीडशे किलोच्या वर जातं. टीव्हीच्या शोकेसवर ठेवू नका, लोखंडी स्टँड करून घ्या आणि खाली थर्माकोल घाला. पश्चिमेची भिंत उन्हाने तापते, तिला टेकवू नका. खिडकीजवळ नको, स्वयंपाकघरात नको. आणि ज्या खोलीत डासांची कॉइल, लिक्विड किंवा स्प्रे वापरता तिथे तर मुळीच नको. या औषधांतली पायरेथ्रॉइड गटातली रसायनं पाण्यातल्या जिवांना फार विषारी असतात, आणि एअर पंप खोलीतली हवा सरळ पाण्यात सोडत असतो. सोसायटीत पेस्ट कंट्रोल असेल त्या दिवशी टँकच्या खोलीत फवारणी करू देऊ नका.

तळाला खडी टाकायची नाही. ॲक्सोलॉटल समोरचं खाणं तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो, आणि त्याबरोबर खडाही जातो. तो आतड्यात अडकला की प्राणी हातचा जातो. नुसती काच चालते. प्राणी १५ सेंटिमीटरच्या पुढे गेला की साखरेहून बारीक, धुतलेली वाळू पातळ पसरता येते. त्याच्या पायांना पकड मिळते.

लपायला जागा दोन तरी हव्यात. चार इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा कडा घासून ठेवा, किंवा मातीची कुंडी आडवी करा. ॲक्सोलॉटलला पापण्या नसतात, त्यामुळे प्रखर दिवा त्याला सोसत नाही. सजावटीचा लखलखीत एलईडी नकोच. झाडांत अनुबियास, जावा फर्न, जावा मॉस कमी उजेडात जगतात. टँकच्या कडेला मनीप्लांटची फांदी अशी अडकवा की फक्त मुळं पाण्यात राहतील. ती नायट्रेट चांगलं ओढून घेतात. वर जाळीचं झाकण लागतंच, कारण हा उडी मारतो.

फिल्टर संथ असावा. एवढ्या टँकला दोन मोठे स्पंज फिल्टर आणि एक चांगला एअर पंप पुरतो. चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, जोडणार असाल तर कॅनिस्टर, म्हणजे टँकबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर, घ्या आणि पाणी भोकांच्या आडव्या नळीतून काचेवर सोडा, म्हणजे प्रवाहाचा जोर मोडतो. जोराच्या प्रवाहात ॲक्सोलॉटल खाणं सोडतो.

गारवा: खरी कसोटी

पाणी १६ ते १८ अंश सेल्सिअस असावं. २० अंशांपर्यंत तो बरा असतो, २२च्या वर ताण दिसू लागतो, आणि २४च्या वर दिवसेंदिवस राहिलं तर आजार ठरलेला. कारण साधं आहे. पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो, त्याच वेळी प्राण्याच्या शरीराची प्राणवायूची गरज वाढते, आणि बुरशी-जिवाणूंनाही तीच ऊब मानवते.

लोक आधी पंखा लावून बघतात. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला की बाष्पीभवनाने पाणी थंड होतं, आपल्या माठासारखंच. विदर्भात किंवा पुण्यात, एप्रिलच्या कोरड्या हवेत त्याने तीन-चार अंश उतरतात. मुंबईत, कोकणात, गोव्यात हवाच दमट असल्यामुळे माठ जसा नीट गार होत नाही, तसा टँकही होत नाही. आणि ३४वरून तीन-चार अंश उतरले तरी तुम्ही ३०वरच आहात. पंखा हा हिवाळ्यातला आधार आहे, उन्हाळ्याचा उपाय नाही.

दुसरा उपाय बर्फाच्या बाटल्यांचा. याचं गणित एकदा करून बघा. एक लिटर पाण्याची पूर्ण गोठलेली बाटली १३० लिटरच्या टँकमध्ये वितळली तर पाणी साधारण पाऊण अंशाने उतरतं. खोली ३३ अंशांवर असताना दिवसभर पाणी १८वर धरायला किती बाटल्या लागतील, आणि तो फ्रीजर किती वेळा रिकामा करावा लागेल? शिवाय बाटली टाकली की पाणी उतरतं, वितळली की चढतं, आणि हा चढउतारही त्याला घातक. बाटल्या अडीअडचणीसाठी.

म्हणजे उरतो चिलर, किंवा चोवीस तास एसी चालणारी खोली. चिलरची किंमत प्राण्याच्या किमतीच्या कितीतरी पट असते. हा खर्च आत्ता झेपत नसेल तर ॲक्सोलॉटल आत्ता आणू नये, असं मी स्पष्ट सांगते. एवढ्यासाठी काही घरांना मी आधी गोल्डफिश पाळायला सुचवलं आणि मुलं त्यातही रमली.

चिलर घेताना दुकानदाराला नुसते लिटर सांगू नका. "मे महिन्यात खोली ३५ अंशांवर जाते, १३० लिटर पाणी १८ला हवं" असं सांगा. एवढा सतरा अंशांचा फरक कमी ताकदीच्या यंत्राला जमत नाही. ते दिवसरात्र चालतं आणि तरी २३वर अडकतं. चिलर पाण्यातली उष्णता खोलीतच फेकतो, म्हणून त्याच्या मागे-पुढे हातभर मोकळी जागा ठेवा, कपाटात कोंडू नका. टँकच्या मागच्या आणि दोन्ही बाजूंच्या काचांना थर्माकोल चिकटवा. चिलरचं काम बरंच हलकं होतं.

पावसाळ्यात एक वेगळाच प्रकार होतो. हवा दमट आणि काच १८ अंशांवर, त्यामुळे थंड पाण्याच्या तांब्यासारखा टँक बाहेरून घामाघूम होतो आणि पाणी ओघळून खाली जातं. थर्माकोलने हे कमी होतं. तरी प्रत्येक वायर प्लगपर्यंत जाण्याआधी खाली झोळ खाऊन मग वर जायला हवी, म्हणजे थेंब झोळाच्या टोकावरून जमिनीवर पडतील, सॉकेटमध्ये शिरणार नाहीत. एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर ठेवू नका.

टँकला विरजण लावणं

प्राण्याच्या घाणीतून अमोनिया होतो, आणि तो कल्ले जाळतो. एक प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य. हे दोन्ही जिवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये वाढायला चार ते आठ आठवडे लागतात. याला टँक सायकल करणं म्हणतात, आणि ते प्राणी न घालता करायचं.

पाण्याची सोय आधी. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवायला अँटी-क्लोरीन वापरा, बाटलीवरच्या प्रमाणात. कोरफड घातलेली मिश्रणं घेऊ नका. बादलीत एअर स्टोन सोडून २४ तास ठेवलं तरी क्लोरीन उडून जातं. सोसायटीची टाकी धुऊन टीसीएल, म्हणजे क्लोरीनची, पावडर टाकली असेल तेव्हा मात्र दोन-तीन दिवस ते पाणी टँकला घालूच नका. निव्वळ आरओचं पाणीही चालत नाही. त्यातले क्षार गेलेले असतात आणि ॲक्सोलॉटलला थोडं जड पाणी मानवतं. पीएच ७ ते ८ च्या दरम्यान असावा. पाणी उडून पातळी खाली गेली की तेवढी भर मात्र आरओच्या पाण्याने करा, कारण क्षार टँकमध्येच मागे राहिलेले असतात.

आता जिवाणूंना खाऊ. कल्हईवाले वापरायचे तो नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. बाजारातला नवसागर शुद्ध नसतो, म्हणून प्रयोगशाळेच्या दर्जाचं अमोनियम क्लोराइड आणा. १२०-१३० लिटर पाण्यात पाऊण ग्रॅम टाकलं की अमोनिया साधारण २ पीपीएम, म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम, होतो. दाग-दागिने तोलायचा छोटा डिजिटल काटा इथे उपयोगी पडतो. या काळात चिलर बंद ठेवा. जिवाणू २५ ते २८ अंशांत भराभर वाढतात, गार पाण्यात रेंगाळतात.

द्रवाचं टेस्ट किट घ्या, कागदी पट्ट्यांवर भरवसा ठेवू नका. दर दोन दिवसांनी तपासून वहीत लिहा. आधी अमोनिया उतरेल आणि नायट्राइट चढेल, मग नायट्राइट उतरून नायट्रेट दिसू लागेल. अमोनिया संपला की पुन्हा तेवढीच मात्रा द्या. मात्रा दिल्यापासून २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, आणि असं सलग आठवडाभर झालं, की टँक तयार. मग चिलर लावा, १८ला आणा, आणि थंडीतही हा हिशेब टिकतो का ते पाहा. थंडीत थोडा वेळ जास्त लागला तर घाबरू नका, आणखी थोडे दिवस द्या.

ओळखीत कुणाचा निरोगी, जुना टँक असेल तर त्याच्या फिल्टरमधल्या स्पंजचा तुकडा मागून आणा. दुधात घातलेल्या विरजणासारखं ते काम करतं. पण ज्या टँकमधले मासे नुकतेच मेले असतील तिथून आणू नका.

प्राणी यायच्या आदल्या दिवशी बरंचसं पाणी बदला. नायट्रेट २० पीपीएमच्या खाली असावं.

प्राणी निवडताना

सात-आठ सेंटिमीटरपेक्षा लहान पिल्लू पहिल्यांदाच पाळणाऱ्याने घेऊ नये; त्याला जिवंत खाद्य आणि रोजची निगराणी लागते. दुकानात गेल्यावर आधी टँकमधला थर्मामीटर बघा. २८ अंशांच्या पाण्यात ठेवलेलं पिल्लू स्वस्त मिळालं तरी ते तिथे आजारी पडायला लागलेलं असतं. त्याच्या चारही पायांची बोटं मोजा, पुढे चार, मागे पाच. कल्ले भरगच्च झुपकेदार हवेत. पोट डोक्याइतकं रुंद हवं. "माझ्यासमोर एकदा खायला घाला" असं सांगा, आणि खाल्लं तरच घ्या. पांढरा-गुलाबी घ्या किंवा काळपट, रंगाने सांभाळण्यात फरक पडत नाही.

एकच घ्या. लहान पिल्लं एकमेकांचे पाय तोडतात. तुटलेला पाय पुन्हा येतो हे खरं, या प्राण्याची ती ख्यातीच आहे, पण म्हणून त्याला तोडू द्यायचा नसतो. मोठी नर-मादी एकत्र ठेवलीत तर मादी एका वेळी शेकड्यांनी अंडी देते, वारंवार देते आणि खंगते. मासे सोबतीला घालू नका; ते कल्ले कुरतडतात, नाहीतर हा त्यांना गिळतो.

घरी आणताना थर्माकोलच्या पेटीत, शक्यतो सकाळी. पिशवी टँकमध्ये अर्धा तास तरंगत ठेवा, तापमान जुळू द्या, थोडं थोडं टँकचं पाणी पिशवीत घाला. मग प्राण्याला मऊ जाळीत घेऊन सोडा. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका. पहिले दोन दिवस दिवा बंद, खाणं नाही, काचेवर टकटक नाही.

खाऊ घालणं

सगळ्यांत उत्तम खाद्य म्हणजे गांडूळ. पण कुठलं, हे महत्त्वाचं. आपल्याकडच्या गांडूळखत प्रकल्पांत दोन जाती जास्त दिसतात. एक लालसर, पट्टेरी, बारीक. ती डिवचली की पिवळसर कडू द्रव सोडते, आणि ॲक्सोलॉटल पुष्कळदा ती तोंडात घेऊन थुंकतो. दुसरी लांब, जांभळट, जिला शेतकरी 'आफ्रिकन' म्हणतात. ती तो आवडीने खातो. रासायनिक फवारणी होत नाही अशा ठिकाणची गांडुळं आणा, एक दिवस ओल्या कागदात ठेवा, धुवा, आणि त्याच्या डोक्याच्या रुंदीएवढे तुकडे करा. लाल जातच मिळाली तर काही सेकंद उकळत्या पाण्यात बुडवून द्या, कडूपणा कमी होतो.

चिमट्याला टोकं बोथट असावीत. तुकडा त्याच्या नाकासमोर दोन बोटं अंतरावर हलकेच हलवा. तो लगेच येत नाही. आधी एक पुढचा पाय उचलतो आणि तसाच हवेत धरल्यासारखा ठेवतो. कल्ले एकदा मागे झटकतो. मग डोकं अगदी थोडं तिरकं होतं, आणि पुढच्या क्षणी तुकडा नसतो. पाणी आत ओढल्याचा 'टप्' असा बारीक आवाज शांत खोलीत काचेबाहेर ऐकू येतो. गांडुळाचं टोक तोंडातून बाहेर राहिलं तर तो दोन-तीनदा मान झटकून ते गिळतो. नजर त्याला फारशी नसते, वास आणि पाण्यातली हालचाल यांवरच सगळं चालतं, म्हणून खाणं नाकासमोरच यायला हवं. माझी भाची हे बघायला शनिवारची वाट बघत असते.

लहान वयात रोज, १५ सेंटिमीटरच्या पुढे एक दिवसाआड, पूर्ण वाढल्यावर आठवड्यातून दोन-तीनदा. गोठवलेले ब्लडवर्म (पाण्यातल्या लाल अळ्या) पिल्लांना चांगले, मोठ्यांना ते अपुरे पडतात. तळाशी बसणाऱ्या मांसाहारी गोळ्या सवयीसाठी ठेवा. गटारातून आलेले जिवंत ट्युबिफेक्स (बारीक लाल कृमी) आणि खाऊ म्हणून विकले जाणारे छोटे मासे टाळा, त्यांच्याबरोबर रोग येतात. मीलवर्म या अळ्यांचं कवच पचत नाही. ज्या घरात गांडूळ कापणं कुणाला सहन होणार नाही, त्यांनी हे आधीच आपसांत बोलून घ्यावं. नुसत्या गोळ्यांवर काही प्राणी राहतात, काही हट्टाने राहत नाहीत.

उरलेलं खाणं तासाभरात काढा.

रोजचं, आठवड्याचं

सकाळी थर्मामीटर आणि कल्ले, या दोनांवर नजर. विष्ठा दिसली की मोठ्या सिरिंजने किंवा बारीक पाइपने ओढून घ्या. आठवड्यातून एकदा २० ते २५ टक्के पाणी बदला. मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी हाताला चटका देतं, म्हणून ते पहाटे भरून ठेवा, अँटी-क्लोरीन घाला, बादलीत बर्फाची बाटली सोडा आणि टँकएवढं गार झाल्यावरच ओता. स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने जिवाणू मरतात. टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा.

प्राण्याला हातात घ्यायचं नाही. त्याची त्वचा मऊ आणि पाझरणारी असते, आपल्या हातावरचा साबण, क्रीम तिच्यातून आत जातं. टँकमध्ये हात घालण्याआधी नुसत्या पाण्याने चोळून धुवा. नंतर मात्र साबणाने धुवा, मुलांनाही धुवायला लावा, कारण उभयचरांकडून साल्मोनेला होऊ शकतो.

बिघडतंय हे कसं ओळखावं

कल्ले पुढच्या बाजूला वळले, शेपटीचं टोक हुकासारखं दुमडलं, खाणं सोडलं, वर तरंगत राहिला, कल्ल्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके आले: यांतलं काहीही दिसलं की औषधाची बाटली शोधण्याआधी थर्मामीटर आणि टेस्ट किट हातात घ्या. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो.

एका मे महिन्यात आम्ही लग्नाला नाशिकला गेलो होतो. दुपारी लाईट गेली, संध्याकाळी आली, पण पंपात हवा अडकल्यामुळे चिलरमधून पाणी फिरलंच नाही. रात्री अकराला दार उघडलं तेव्हा पाणी २७ अंशांवर होतं आणि आमचा ॲक्सोलॉटल कोपऱ्यात पृष्ठभागाशी तोंड लावून तिरका तरंगत होता. कल्ले पार पुढे आलेले, एरवी लाल दिसणारे ते फिकट पडलेले. त्याला दहा लिटरच्या डब्यात घेतलं, पण बर्फ लगेच टाकला नाही. एवढ्या पाण्यात अर्ध्या लिटरची गोठलेली बाटली पाच अंश उतरवते, आणि तो धक्काच त्याला संपवू शकतो. बाटली दोन-दोन मिनिटं बुडवायची, काढायची, थर्मामीटर बघायचा, असं करत तासाला एक-दोन अंश उतरवले. पहाटे चारला १९ आलं. पुढचे बारा दिवस त्याने काही खाल्लं नाही आणि चौथ्या दिवशी डाव्या कल्ल्यावर पांढरा कापूस दिसला. रोज सकाळ-संध्याकाळ डब्यातलं सगळं पाणी बदलून तो वाचला. गळालेली कल्ल्याची झालर पुन्हा भरायला दोन महिने लागले. त्यानंतर मी पंपाची जोडणी बदलून घेतली आणि बॅटरीवरचा एअर पंप आणला.

डब्यात ठेवणं हाच घरचा पहिला उपचार. झाकणाचा स्वच्छ प्लास्टिकचा डबा, क्लोरीन काढलेलं गार पाणी, अंधारी जागा, रोज पूर्ण पाणी बदल. त्यात देशी बदामाचं, म्हणजे रस्त्याकडेला छत्रीसारखं पसरतं त्या झाडाचं, आपोआप गळलेलं सुकं तपकिरी पान धुऊन टाका. पाणी फिक्या चहासारखं होतं आणि त्यातले टॅनिन बुरशीला थोडा आळा घालतात. पान वाहतुकीच्या रस्त्यावरचं नको. दुकानात माशांसाठी मिळणारी मॅलाकाइट ग्रीन आणि तांबं असलेली औषधं उभयचरांना विषारी आहेत, ती अजिबात नकोत. आठवड्यात फरक पडला नाही, जखम लाल-सुजलेली दिसली, किंवा पोट फुगलं, तर डॉक्टर. उभयचर बघणारे पशुवैद्य मोजके असतात, म्हणून प्राणी आणण्यापूर्वीच फोन करून कोण बघतं ते विचारून ठेवा.

नाहीच जमलं, तर कागदांसह दुसऱ्या जबाबदार पाळणाऱ्याला द्या. तलावात, ओढ्यात, विहिरीत सोडू नका. तो आपल्या उन्हाळ्यात हाल होऊन मरेल. शिवाय उभयचरांचे बुरशीजन्य रोग जगभर अशा पाळीव जिवांच्या व्यापारातून पसरले आहेत, आणि सह्याद्रीतले बेडूक आधीच संकटात आहेत. टँकचं काढलेलं पाणीही ओढ्यात ओतू नका, बाथरूमच्या मोरीत ओता.

गावाला जाताना

निरोगी, पूर्ण वाढलेला ॲक्सोलॉटल आठवडाभर उपाशी राहू शकतो. निघायच्या दोन दिवस आधी शेवटचं खाणं द्या, आदल्या दिवशी पाणी बदला. गणपतीला पाच दिवस कोकणात जायचं असेल तर शेजाऱ्यांना खाऊ घालायला सांगू नका. प्रेमापोटी जास्त पडतं आणि पाणी नासतं. किल्ली द्या आणि टँकवर एक चिठ्ठी चिकटवा: सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर बघणे, लाईट जाऊन आली असेल तर आडव्या नळीतून पाणी पडतंय का बघणे, २२च्या वर गेलं तर फ्रीजरमधली एक बाटली टाकणे, तासाभराने पुन्हा बघणे, आणि लगेच फोन करणे. फ्रीजरमध्ये चार बाटल्या गोठवून ठेवा, आणि निघण्याआधी शेजाऱ्यांसमोर एकदा पंप बंद करून पुन्हा चालू करून दाखवा.